बाळ लहान असताना जलरंग आणि स्केचिंग चालू ठेवायचं तर

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारी आई, बाळ साडेतीन महिन्यांचं. आधी रोज स्केच आणि रविवारी तलावपाळी किंवा उपवन तलावावर जाऊन जलरंगात एक चित्र, असा क्रम होता. आता बाळ झोपलं की त्या बसतात, पण दर वेळी वॉश (पाणीदार रंगाचा सलग थर) अर्धवट राहतो आणि चित्र वाया जातं. अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखतं. आणि घरात हे रंग बाळाच्या आसपास चालतात का, ही काळजी आहेच.

तुमची अडचण वेळ मिळत नाही ही नाही, सलग वेळ मिळत नाही ही आहे. दिवसभरातले सुटे तुकडे जोडले तर अर्धा-पाऊण तास निघतो, पण तो एकदम हाती येत नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळाचं झोपेचं एक चक्र तासाभराच्या आतच संपतं. त्यातला बराच भाग हलक्या, चाळवणाऱ्या झोपेचा असतो. मोठा वॉश मात्र मध्येच सोडता येत नाही. वॉशची ओली कड पंख्याखाली दोन-तीन मिनिटांत वाळते. वाळल्यावर तिथे पुन्हा ओला ब्रश टेकवला की पाणी आधीचा रंग ढकलत नेतं, कडक रेघ उमटते किंवा कॉलीफ्लॉवरसारखा डाग पडतो. हात बिघडलेला नाही, कामाची मांडणी जुन्या दिनक्रमाची राहिली आहे. ती बदलायची.

कामाचे तीन गट करा. पहिला, कोणत्याही क्षणी खाली ठेवता येणारं काम: पेन्सिल, बॉलपेन, थंबनेल (चित्राचा इवलासा कच्चा आराखडा), कोरड्या ब्रशने गडद छटा भरणं. दुसरा, पाच मिनिटं लागणारं: तळहाताएवढ्या आकारातला एक सपाट वॉश. तिसरा, वीस ते चाळीस मिनिटं कोणी हाक मारता कामा नये असं: मोठं आकाश, ओल्यात ओलं (ओल्या कागदावर ओला रंग), तळ्यातली प्रतिबिंबं. बाळाच्या झोपेत फक्त पहिल्या दोन गटांतलं काम करायचं. तिसऱ्या गटातलं काम झोपेच्या भरवशावर काढूच नका. त्यासाठी बाळ दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात आणि शक्यतो घराबाहेर हवं. आजोबा खाली सोसायटीच्या बागेत फेरी मारून आणतात ती वेळ यासाठी राखून ठेवा.

आता कागदाचा आकार. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाडसर) फुल इम्पीरियल कागद २२ × ३० इंचांचा असतो. दोन्ही बाजूंनी चार-चार भाग केले की साडेपाच बाय साडेसात इंचांचे १६ तुकडे होतात. घडी नखाने पक्की दाबा, उलट बाजूलाही एकदा मुडपा, मग स्टीलची पट्टी धरून फाडा. एका दुपारी सगळे तुकडे करून ठेवा, म्हणजे बसल्यावर कागद शोधण्यात वेळ जात नाही. एवढ्या आकाराला ३०० जीएसएम कागद ताणून चिकटवावा लागत नाही, पॅडला दोन क्लिपा लावल्या की पुरे. आणि बिघडला तर सोळावा भाग बिघडला, ही गोष्टही कमी महत्त्वाची नाही, कारण महाग कागद वाया जाईल या धास्तीनेच अनेकजणी बसायचं टाळतात.

एक चित्र पाच बैठकांत करा. पहिल्या बैठकीत फक्त काडेपेटीएवढं थंबनेल आणि त्यात तीन छटा: कागदाचा पांढरा, मधला, गडद. दुसऱ्या बैठकीत कागदावर हलकी रेखा. तिसऱ्या बैठकीत फिकट रंग. इथे खरी युक्ती आहे: दोन आकारांच्या मध्ये एक मिलिमीटर कोरडी पांढरी फट सोडत चला. झाड, भिंत, आकाश हे सगळे एकमेकांना न भिडता वेगवेगळे राहतात, त्यामुळे प्रत्येक आकार स्वतंत्र वॉश होतो आणि कोणत्याही दोन आकारांच्या मध्ये थांबता येतं. चौथ्या बैठकीत मधल्या छटा आणि जिथे फट खटकते तिथे ती बुजवणं. पाचव्या बैठकीत गडद जागा. दोन बैठकांच्या मध्ये कागद आपोआप पूर्ण वाळतो. ग्लेझिंगसाठी (वाळलेल्या थरावर दुसरा पातळ थर देण्यासाठी) तेच हवं असतं, म्हणजे तुमचे खंड इथे उपयोगालाच येतात.

उठताना समासात पेन्सिलने एक ओळ लिहायची सवय लावून घ्या: "पुढे: डावीकडचं वडाचं झाड, मधली छटा, अल्ट्रामरीन + बर्न्ट सिएना." शेजारी त्या मिश्रणाचा एक फटकारा. परत बसल्यावर "मी कुठे होते" हे आठवण्यात आणि तोच रंग पुन्हा जुळवण्यात जी दहा मिनिटं जातात, तीच तर तुमच्याकडे नाहीत. प्लेटमध्ये वाळलेलं जलरंगाचं मिश्रण पाण्याने पुन्हा उठतं, ते धुऊन टाकू नका.

आणि वॉशच्या मध्येच बाळ रडलं तर? चित्र पुरं करण्याच्या नादी लागू नका, घाईत मारलेले चार फटकारेच जास्त नासधूस करतात. ब्रश फडक्यावर टिपून कोरडासा करा आणि त्याच्या टोकाने वॉशच्या खालच्या कडेला जमलेली पाण्याची रेघ शोषून घ्या. ती तशीच राहिली तर वाळताना पाणी मागे सरकतं आणि डाग पडतो. मग स्वच्छ, किंचित ओल्या ब्रशने उघडी कड कोऱ्या कागदाकडे एकदाच ओढून फिकट करा. पॅड तिरकं असेल तर आडवं करून उंच कपाटावर ठेवा. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद. पूर्ण वाळल्यावर विरुद्ध बाजूने पातळ वॉश आणून त्या फिकट भागावर मिसळला की जोड फारसा दिसत नाही.

माध्यमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हे वर्ष जलरंग, गुआश (अपारदर्शक जलरंग), पेन्सिल आणि पेन यांचंच. ॲक्रिलिक सध्या नको, कारण उठून वीस मिनिटांनी आलात तर प्लेटमधला रंग प्लास्टिक झालेला असतो आणि ब्रशही कायमचा गेलेला असतो. तैलरंग सावकाश वाळतात, त्यामुळे खंड सोसतात, पण टर्पेन्टाइनची वाफ दोन खोल्यांच्या बंद फ्लॅटमध्ये तान्ह्या बाळासोबत अजिबात नको. सॉफ्ट पेस्टल आणि कोळशाची भुकटी हवेत आणि जमिनीवर राहते, रांगणारं बाळ ती थेट हातांवर आणि तोंडात घेतं. फिक्सेटिव्हचा (भुकटी कागदावर पक्की करणारा) स्प्रे बाल्कनीत मारला तरी वारा तो घरात आणतो. पेन्सिलचं काम पसरू नये म्हणून मध्ये बटर पेपर ठेवला तरी चालतं.

सामान एका झाकणाच्या डब्यात मावेल एवढंच ठेवा. सहा रंग पुरतात: लेमन यलो, यलो ओकर, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना. ट्यूब पिळत बसण्यापेक्षा अर्धे पॅन (रंग वाळवून ठेवायच्या छोट्या डब्या) भरून घ्या. ५ मिलीच्या एका ट्यूबमध्ये दोन अर्धे पॅन भरतात. एकदम काठोकाठ भरू नका. आधी अर्धा, दोन दिवस वाळू द्या, मग वरचा थर. एकदम भरला तर वर साय धरते, आत ओलं राहतं आणि पुढे भेगा पडून खडा निघून येतो. भेगा पडणाऱ्या रंगात ग्लिसरीनचा एकच थेंब टूथपिकने मिसळा. जास्त घातलं तर पावसाळ्यात पॅन चिकटच राहतो आणि बुरशी धरतो.

पाण्याचा मग टाळून वॉटरब्रश (दांड्यातच पाणी भरलेला ब्रश) घ्या, म्हणजे सांडायला काही उरत नाही. त्याची खोड एकच: दाबला की पाणी जास्त येतं आणि रंग पिचपिचीत फिकट होतो. डाव्या हाताशी जुन्या सुती लंगोटाची घडी ठेवा. रंग उचलण्याआधी त्यावर टोक टेकवायचं आणि रंगवताना ब्रश दाबायचाच नाही. सुती लंगोट पाणी झटकन ओढतो, टिश्यू पेपरपेक्षा कितीतरी बरा. एकदा रंगाला लागला की तो रंगाचाच, बाळाच्या कपड्यांत परत जाता कामा नये.

सुरक्षेचं नीट समजून घ्या, कारण इथे अकारण भीतीही असते आणि अकारण बेफिकिरीही. जलरंगातून वाफ निघत नाही, धोका असतो तो तोंडात जाण्याचा. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा कोड असतो. पीआर १०८, पीवाय ३५, पीवाय ३७, पीओ २० हे कॅडमियमचे, पीबी २८, पीबी ३५ कोबाल्टचे, पीडब्ल्यू १ आणि पीवाय ३४ शिशाचे. हे सध्या बांधून माळ्यावर टाका. नावापुढे "ह्यू" लिहिलेलं असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी बहुधा दुसरं वापरलेलं असतं, तरी खात्री कोडवरूनच करा. काही विदेशी जलरंगांत ओलावा टिकवायला मध असतो आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, तेव्हा तो पॅन किंवा ब्रश त्याच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नका. ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायची सवय असेल तर ती आजच सोडा. पाजण्याआधी हात साबणाने धुवायचे आणि रंगाचा ॲप्रन काढून ठेवायचा.

रंगापेक्षा मोठा धोका बारक्या वस्तूंचा असतो. थोड्याच दिवसांत बाळ पालथं पडायला लागेल, मग रांगेल. अर्धा पॅन जेमतेम दोन सेंटिमीटरचा, म्हणजे घशात अडकण्याच्या मापाचा. रिकाम्या पॅनना खाली छोटं लोहचुंबक चिकटवलेलं असेल तर ते काढून टाका. दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या दोन पदरांना चिमटा घेऊन छिद्र पाडू शकतात. चुंबकाऐवजी दुहेरी टेप लावा. शार्पनरची पाती, पेनाची टोपणं, खोडरबराचे तुकडे यांनाही हेच लागू. डबा जमिनीवर किंवा पलंगावर नको, खांद्याच्या उंचीच्या फळीवरच असू द्या.

आता मनगट. अंगठ्याच्या मुळापाशी, मनगटाच्या त्या बाजूला दुखत असेल तर नव्या आयांना बरेचदा होणारा डी क्वेरवेन हा स्नायूबंधाच्या आवरणाच्या सुजेचा त्रास असू शकतो. अंगठा मुठीत दाबून मूठ करंगळीकडे झुकवली की कळ जाते, ही त्याची ढोबळ खूण. चित्रं काढल्यामुळे तो सुरू होतो असं सहसा नसतं. बाळाला काखेत धरून, अंगठे ताणून वर उचलण्याने होतो. तळवे आकाशाकडे ठेवून, कुल्ल्याखालून आणि मानेखालून ओंजळीसारखं उचला. चित्र काढताना पेन्सिलीला क्रेप बँडेजची पट्टी गुंडाळून ती बोटाएवढी जाड करा, म्हणजे चिमट्याचा जोर कमी लागतो. पॅड ३० ते ४० अंश तिरकं ठेवा आणि रेषा खांद्यातून ओढा. बारीक हॅचिंग (जवळजवळ समांतर रेघांनी छटा भरणं) सध्या बंद, पंधरा मिनिटांनी हात सैल सोडायचा. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. अंगठ्याचा पट्टा वेळेवर लागला तर पुष्कळ वाचतं.

पाजताना स्केच करता येतं का? बाळ स्तन नीट धरायला शिकलेलं असेल आणि तुम्हाला टेकून बसता येत असेल तर येतं. फक्त बाळाला आधार देणारा हात त्यात गुंतवायचा नाही. टोकदार पेन्सिल किंवा निब बाळाच्या डोळ्यांजवळ नको, जाड फेल्ट पेन घ्या. खुर्चीच्या हातावर छोटी वही आणि कागदाकडे न बघता बाह्यरेषा काढायची. नजर विषयावरच राहते आणि रेषा वेडीवाकडी आली तर तिला वाकडी म्हणण्यात अर्थ नसतो, त्या पद्धतीत ती तशीच येते.

विषय घरातच भरपूर आहेत आणि सगळ्यात चांगला विषय पाळण्यात आहे. झोपलेलं बाळ स्थिर असतं हा गैरसमज मात्र काढून टाका. दर मिनिटाला हात हलतो, मान वळते. म्हणून एका पानावर चार चित्रं सुरू करा. प्रत्येकात आधी डोक्याचा अंडाकार आणि त्याचा कल, मग पोटाची रेषा, मग पाय कुठे संपतात ती खूण. पोझ बदलली की पुढचं चित्र, जुनी पोझ परत आली की जुन्याकडे. आणि ती परत येतेच. साधारण चार ते सहा महिन्यांपर्यंत उताण्या बाळाची मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात सरळ पसरतो आणि दुसरा कोपरातून दुमडून डोक्यापाशी जातो, तलवारबाजाच्या पवित्र्यासारखा. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, पुढे ती जाते. आत्ता ती तुम्हाला तीच पोझ दिवसातून अनेकदा देते आहे.

प्रमाणं चुकली की बाळ छोट्या म्हाताऱ्यासारखं दिसतं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला शिकलेली सात-साडेसात डोक्यांची उंची इथे विसरा. जन्मतः डोकं पूर्ण लांबीच्या चौथ्या भागाएवढं असतं. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर, बाळाचे त्या मध्यरेषेच्या खाली. कपाळ मोठं, नाक-तोंड-हनुवटी खालच्या थोड्या जागेत दाटीने बसलेली. मान दिसत नाही, गाल खांद्याला टेकतो. हात वर केला तरी जेमतेम टाळूपर्यंत पोचतो. तळपायाला कमान दाखवू नका, तिथे चरबीची गादी असते. कातडीसाठी यलो ओकर आणि क्रिमसनचा खूप पातळ वॉश, मनगटाच्या वळीसाठी त्यातच बर्न्ट सिएना, काळा रंग कुठेच नाही.

बाळ जागं असेल तेव्हा स्थिरचित्र: दोरीवरची झबली, टोपडं, धावदोऱ्याची गोधडी, वाटी-चमचा. मांडणी फ्रिजवर करा, तिथे ती आठवडाभर कोणी हलवत नाही. एकाच वेळेच्या उजेडात काम करा आणि ती वेळ समासात लिहा.

निसर्गचित्रासाठी खिडकी घ्या. घोडबंदरच्या बाजूने बऱ्याच इमारतींतून येऊरचे डोंगर दिसतात, ऐरोली-घणसोलीकडे पारसिकची रांग. खिडकीचं ग्रिल म्हणजे तयार ग्रिड आहे. कागदावर फिकट पेन्सिलीने तेवढेच चौकोन आखा, एक डोळा मिटा आणि कोणत्या गजाला डोंगराची कड कुठे कापते ते बघून खुणा करा. डोकं दोन बोटं सरकलं तरी सगळं सरकतं, म्हणून खुर्चीची जागा फरशीवर टेपने ठरवून टाका. उठून दोन तासांनी आलात तरी माप जुळतं. मार्च ते मेमध्ये हा डोंगर यलो ओकर आणि बर्न्ट सिएनात भागतो. पहिल्या पावसानंतर पंधरवड्यात तो हिरवा होतो आणि तुमच्या सहा रंगांत प्रशियन ब्लूची किंमत कळते.

रात्रीच्या पाजण्यानंतर झोप लागत नसेल तर फक्त पेन्सिल किंवा पेन. पिवळ्या दिव्याखाली कागदाचा पांढरा आणि फिकट पिवळा वेगळे दिसत नाहीत आणि निळे-जांभळे मळकट दिसतात. मग रंग जास्त घातला जातो आणि सकाळी चित्र भलतंच निघतं.

मालिश, आंघोळ झाली की बहुतेक बाळं दिवसातली सगळ्यात मोठी झोप काढतात. ती वेळ चित्राला द्यावी असं वाटणारच, पण रात्री सलग चार तास झोप झालेली नसेल तर ती तुमच्या झोपेची आहे. (धुरी मात्र घरात नकोच, धूर बाळाच्या फुप्फुसांना त्रासदायक.) घरच्यांकडे "थोडा वेळ द्या" असं मोघम मागू नका. "रविवारी आठ ते पावणेनऊ बाळ खाली न्या" असं मागा. वेळ आणि जागा ठरलेली असली की सासूबाईंनाही ते सोपं जातं आणि मध्येच "भूक लागली असेल गं" म्हणून बाळ परत येत नाही, कारण पाजूनच पाठवलेलं असतं. त्या पाऊण तासात तलावपाळी गाठायचा मोह आवरा, जाण्यायेण्यातच तो संपेल. तो घरी, तिसऱ्या गटातल्या एका वॉशला द्या. तलावपाळी, कचराळी किंवा वाशीचं सागर विहार बाळाला घेऊन जायचं तेव्हा फक्त पेन आणि छोटी वही न्या.

चित्र काढावंसं वाटतच नाही, रडू येतं, बाळ झोपलेलं असतानाही झोप लागत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ते आळसाचं किंवा सराव सुटल्याचं लक्षण समजू नका. तुमच्या डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावरही मोफत बोलता येतं.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या हवेत कागदावरचं सायझिंग (पाणी एकदम शोषलं जाऊ नये म्हणून दिलेला थर) कमजोर होतं. मग वॉशमध्ये टीपकागदासारखे गडद ठिपके उमटतात आणि ते काही केल्या जात नाहीत. म्हणून या काळात एकावेळी एकच इम्पीरियल कागद आणा, तुकडे करून झिपच्या पिशवीत ठेवा आणि पिशवी बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. सोबत सिलिका जेल टाका, पण निळ्या दाण्यांचं नको, त्या निळ्या रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड वापरलेलं असतं. पांढरं किंवा नारिंगी घ्या आणि तीही पुडी बाळाच्या हाती लागू देऊ नका. पॅनचा डबा काम झाल्यावर उघडा ठेवून पंख्याखाली दोन-तीन तास वाळवा. बुरशी दिसलीच तर वरचा थर ओल्या ब्रशने काढून टाका. वॉश वाळायला उन्हाळ्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, तेव्हा पाच बैठका एका दिवसात कोंबू नका. हेअर ड्रायर वापरायचाच तर पाण्याची चमक गेल्यावर, हातभर अंतरावरून. त्याआधी मारला तर हवा पाणी ढकलते आणि नको तिथे कड तयार होते. शिवाय बाळ जागं होतं ते वेगळंच.